एक मात्रा पुढे

नवऱ्याने हात वर केला तेव्हा तिला वाटलं, हा देवाला केला. निरूपण रंगात आलं की त्याचा उजवा हात असा आपसूक छताकडे जायचा आणि समोरच्या खुर्च्यांवरच्या माना डोलायला लागायच्या. पण आज हात वर जाऊन तिथेच राहिला, पंजा तिच्याकडे वळलेला, चौकातला पोलीस गाड्या अडवतो तसा. पेटी थांबवायची होती. तिची बोटं पट्ट्यांवरून उचलली गेली, भात्यात उरलेली हवा एक लांब सुस्कारा टाकून गेली आणि पद नुसत्या तबल्यावर पुढे निघालं. ‘थांब जरा जिवा, आत कोण चालतो ते ऐक.’ तबल्यावर धाकटी होती, तिची सख्खी बहीण. नवरा गात होता, बहीण वाजवत होती, आणि त्या दोघांच्या मधोमध ती पेटीवर हात ठेवून बसली होती, लग्नातल्या फोटोसाठी ऐनवेळी बसवलेल्या लांबच्या नातेवाइकासारखी. प्रार्थनेचा तो हॉल इतका शांत झाला की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकातली शीळ ऐकू आली. मग कुणीतरी ‘वा’ म्हणालं. मोठ्याने नाही, आतून आलेलं, खरं. इतकी वर्षं ती नवऱ्याला पेटीची साथ करत होती, पण तिच्या वाजवण्याला असा ‘वा’ कधी मिळाला नव्हता, आणि आज मिळाला तो तिच्या न वाजवण्याला.

पेटी-तबला कपाटात ठेवून, कुलूप लावून तिघं पायी घरी निघाली. दिवे नुकते लागत होते. ती सगळ्यांच्या पुढे चालत होती. हल्ली ती नेहमीच पुढे असायची, आणि मागच्या दोघांच्या गप्पा तिच्या पाठीवर येऊन पडायच्या. कोपऱ्यावर ती एकदम वळून उभी राहिली.

‘हात का केलात?’

‘अगं, पुढे निघाली होतीस थोडी,’ नवरा म्हणाला. ‘एखादी मात्रा असेल.’

‘मी नव्हते पुढे. ही मागे राहत होती.’

‘असेल ताई,’ धाकटी म्हणाली. ‘आज मनगट जरा जडच होतं माझं.’

भांडली असती तर बरं झालं असतं. पण हे ‘असेल’! तापलेल्या पोराच्या कपाळावर ओली घडी ठेवावी तसं ते धाकटीने तिच्यावर ठेवलं आणि ती आतून आणखीच तापली. मनगट जड होतं म्हणे. त्या मनगटावर नवऱ्याचे डोळे कसे ठरले होते ते तिने स्वतः पाहिलं नव्हतं का? गाताना तो नेहमी डोळे मिटून घ्यायचा. आज उघडे होते.

धाकटी संसार मोडून त्यांच्याकडे आली त्याला वर्ष होत आलं होतं. एका हातात बॅग, दुसऱ्या काखेत गोधडीत गुंडाळलेला तबला, आणि चेहऱ्यावर जिना चढून आल्यावर असतो तेवढाच शीण. ‘हे तुझंच घर आहे, कळलं का?’ असं तिनेच दारात तिला जवळ घेऊन म्हटलं होतं, आणि ते मनापासून म्हटलं होतं. देव साक्षीला होता. त्याच सुमारास हॉलमधले जुने तबलावाले मुलाकडे राहायला गेले आणि धाकटी आपोआप त्या जागेवर बसली. हेही तिनेच सुचवलं होतं. आपणच खणलेल्या विहिरीचं पाणी दुसऱ्याच्या बादलीत जाताना पाहावं तसं तिला आता होत होतं, आणि तसं होतंय याची लाजही वाटत होती, आणि लाज वाटली की घाम फुटायचा. घाम तर हल्ली कशानेही फुटायचा. सगळे स्वेटर घालून बसलेले असताना ती खिडकी उघडायला उठायची. ‘तुझ्या अंगात भट्टी आहे का गं?’ नवरा म्हणायचा आणि मग मागे वळून, ‘मेहुणीबाई, तुम्ही शाल घ्या. तुमच्या ताईला वारा लागतो.’ शाल. तिच्या उकाड्यातूनसुद्धा धाकटीला शाल मिळायची.

वडील दोघींच्या मधे झोपायचे तेव्हाची गोष्ट तिला वारंवार आठवायला लागली होती. वडीलही अशाच एका हॉलमध्ये तबला वाजवायचे. धाकटी व्हायच्या आधी त्यांचा उजवा हात रोज तिच्या पाठीवर असे, आणि ते गुणगुणत एक ठेका थोपटत, तिला झोप लागेपर्यंत आणि लागल्यावरही थोडा वेळ. मग धाकटी आली. ती उजवीकडे निजू लागली आणि उजवा हात तिकडे गेला. हिच्या वाट्याला डावा आला. लोक म्हणतील, हात तो हात. पण डावा हात नेहमी किंचित मागे पडायचा. उजवा धाकटीच्या पाठीवर पडे, आणि मग क्षणभराने, प्रतिध्वनी आल्यासारखा, डावा हिच्या पाठीवर. अंधारात डोळे उघडे ठेवून ती तो क्षणभर सोसायची. वडिलांच्या ध्यानीमनीही नसणार. कदाचित तेव्हापासूनच ती घाईत होती. आपल्याकडे उशिरा येणाऱ्या गोष्टीला गाठायला पुढे, आणखी पुढे. पुढे वडिलांनी तिला पेटी शिकवली आणि धाकटीला तबला. का, ते तिने कधी विचारलं नाही. उजवा हात धाकटीचा, हे ठरूनच गेलं होतं.

वडिलांची एक शिस्त होती. लय बिघडली असं वाटलं की घड्याळापाशी जाऊन बसायचं. ‘माणूस ओळख काढतो, घड्याळ काढत नाही,’ असं ते म्हणत. हॉलमधल्या त्या हाताच्या दुसऱ्या दिवशी तिने धाकटीला स्वयंपाकघरात टेबलाशी बसवलं, भिंतीवरच्या घड्याळाखाली. ‘वाजव. सेकंदाला एक. बघू मागे कोण राहतं ते.’ धाकटीने टेबलावर बोटं टेकवली आणि वाजवायला लागली, आणि मागे राहिली. पण गंमत अशी की तिच्याबरोबर घड्याळही मागे राहिलं. सेकंदकाटा एका खुणेवरून दुसरीवर असा रमतगमत जात होता जसा काही त्याला पेन्शन लागलं होतं. ‘सेल उतरलेत,’ ती म्हणाली. नवे सेल आणले. तरी घड्याळ आळशीच. मग तिने दुसरं घड्याळ आणून पहिल्याच्या शेजारी लावलं. दोन्ही काटे एकमेकांचा हात धरून चालल्यासारखे चालत होते, आणि ते तिला अजिबात सहन होईना.

‘घरातली सगळी घड्याळं तुझ्यावर उलटली म्हणायची,’ नवरा म्हणाला.

‘मोर्चा येणार बहुतेक,’ धाकटी म्हणाली.

दोघं हसली. एकदम सुरू झाली, एकदम थांबली. हसण्यातही समेवर.

भाषा किती घात करते! तिला काय होतंय ते सांगायला भाषेपाशी शब्द तयारच होते, आणि ते सगळे एकाच दुखण्याचे होते. दुसऱ्याचं बरं पाहून अंगाची लाही होते; तिच्या अंगाची खरोखरच लाही होत होती. जीव खालीवर होतो. होत होता, जिन्यात, रांगेत, अंथरुणात पडल्या पडल्या. माणूस आतल्या आत झिजतं. तिचे कपडे खांद्यावरून घसरायला लागले होते. ती सारखी खायची, पाव, केळी, सकाळचा उरलेला भात उभ्याउभ्या, आणि तरीही अंगाला लागत नव्हतं. जळणाऱ्याच्या अंगाला काही लागत नाहीच. धाकटी डोळ्यांत खुपत होती, आणि डोळेही खुपत होते, वाळू गेल्यासारखे, पाणी यायचं. हात थरथरायचे. या प्रत्येकाला वेगवेगळं कारण असू शकतं, हे तिच्या मनालाही शिवलं नाही. तिने स्वतःचं निदान मराठीत केलं होतं आणि ते बिनचूक जुळत होतं. हे मत्सराचं आहे. हे पापाचं आहे. ती रोज संध्याकाळी देवापुढे डोळे मिटून बसायची आणि म्हणायची, हे काढून घे रे माझ्यातून. आणि मिटल्या पापण्यांच्या आत नवऱ्याचा तो वर गेलेला पंजा दिसायचा.

दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून पाहणं, दांड्या वाकवणं, बारीक स्क्रू पिळणं, ही तिची कामं. दिवसभर डोळेच डोळे. लोकांच्या पापण्या, भुवया, एक कान दुसऱ्यापेक्षा वर असणं, सगळं तिला पाठ होतं. हल्ली मात्र स्क्रू हातातून निसटायचे. इतकासा स्क्रू फरशीवर पडला की संपलंच. ‘बाई, आज फरशीचं काय जेवण आहे?’ मालक काउंटरवरून विचारायचे. त्यांना पाठीमागे सगळे ‘भिंग’ म्हणत, कारण ते काहीही वाचायला नाकाशी नेत. एकदा दुपारी एका बाईला तिने आरसा दाखवला आणि आरसा परत घेताना तिला स्वतःचे डोळे दिसले. बुबुळाच्या वरसुद्धा पांढरं दिसत होतं. सगळं उघडं, टवकारलेलं, जणू दारामागे काहीतरी चाललंय आणि ते तिला कळलंय. दुसऱ्या कुणाचे असते तर तिच्या हातातली फ्रेम थांबली असती. स्वतःच्या डोळ्यांना ती मनात म्हणाली, दिसतोय हो, तुमच्यातला मत्सर दिसतोय. आणि आरसा पालथा ठेवला.

पुढच्या शनिवारी नवऱ्याने होडीची गोष्ट लावली. एका होडीला दोन वल्ही. एकाला वाटलं, आपण आधी पोचावं. ते घाई करायला लागलं. होडी काय करणार? जागच्या जागी गोल फिरायला लागली. नावाडी ओरडतो, अरे, पोचायचं होडीने असतं, वल्ह्याने नाही! मंडळी हसली. नवरा गोष्ट सांगताना असा काही खांदे फिरवायचा की हॉलमध्ये पाणी आल्यासारखं वाटायचं. ती पेटीशी बसून जळत होती. ही माझ्यावर घातलीय. सगळ्यांसमोर. घरी गेल्यावर तिने तोंड उघडलं तेव्हा नवरा तिच्याकडे बघतच राहिला. ‘अगं, ही गोष्ट मी आपलं लग्न झाल्यापासून सांगतोय. नावाड्याचं ते वाक्य तर तूच सुचवलंस.’ खरं होतं. वाक्य तिचंच होतं. पण म्हणून काय झालं? तिचीच पेटी थांबवली, तिचंच वाक्य तिच्यावर फेकलं. ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली, आणि पाण्याच्या आवाजाच्याही वर तिला स्वतःच्या कानातला ठोका ऐकू येत होता, धाड धाड, धाड धाड, कुणीतरी आत तबला घेऊन बसल्यासारखा. तिथेही तबलाच.

मग तो रविवार. दुपारी जेवणं आटोपल्यावर ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती आणि चिमटे विसरले म्हणून खाली आली. स्वयंपाकघरात नवरा आणि धाकटी टेबलाशी समोरासमोर बसली होती. नवरा हलक्या आवाजात नवं पद म्हणत होता, धाकटी टेबलावर बोटांनी ठेका धरत होती. दार अर्धं लोटलेलं होतं.

‘भावजी, इथे मी जरा भरून वाजवते,’ धाकटी म्हणाली. ‘म्हणजे ताई पुढे गेली तरी झाकून जाईल. कुणाला कळणार नाही.’

‘आणि परत हात नको करायला,’ नवरा म्हणाला. ‘त्या दिवशी तिला लागलं फार.’

या दोघांमध्ये तिला वाटत होतं ते काहीच नव्हतं. हे तिला त्या एका क्षणात लख्ख कळलं, आणि त्याने बरं वाटण्याऐवजी पायाखालची फळीच निघाली. चोरून भेटली असती तर निदान ती दोघं चोर ठरली असती. ही दोघं तर तिच्यावर पांघरूण घालत होती. तिचं बोट धरून तिला रस्ता ओलांडून देत होती. ज्याच्यावर जळावं त्यानेच आपल्याला सांभाळून घ्यावं, याहून मोठी हार नाही. तिने दार ढकललं.

‘मला झाकणारी तू कोण गं?’

‘ताई, तसं नाही...’

‘कसं ते मला कळतं. स्वतःचं घर झाकता आलं नाही, आता माझं झाकायला निघालीस! उचल तो तबला. नीघ माझ्या घरातून. नीघ!’

शब्द तोंडातून गेले आणि खोलीत राहिले. नवरा उभा राहिला होता. धाकटी पांढरी पडली. आणि मग ओरडणारीचेच पाय गेले. मांड्यांतलं बळ कुणीतरी काढून घेतल्यासारखी ती टेबलाला धरून खाली बसली, फरशीवर, आणि छातीत जे चाललं होतं त्याला धडधड म्हणता येणार नव्हतं. पोत्यातून मांजर बाहेर पडू पाहतं तसं काहीतरी. तिने डोळे मिटले. पाठीवर एक हात आला. तळवा पूर्ण टेकलेला, उबदार, न थोपटणारा, नुसता ऐकणारा. उजवा हात. बराच वेळ तो तसाच राहिला.

‘ताई,’ धाकटी म्हणाली. तिचा आवाज रडका होता पण लक्ष दुसरीकडे होतं. गर्दीत ओळखीचं काही ऐकू आल्यावर असतं तसं. ‘ताई, हे दुगुणीत चाललंय, दुप्पट. आणि मधेच एक मात्रा गळतेय. रागाचं असं नसतं गं. राग उतरला की उतरतं. हे उतरतच नाहीये.’

तिने टेबलाचा पाय धरून ठेवला.

‘तू मला घालव. जाईन मी. पण आधी डॉक्टरकडे चल.’

डॉक्टर बाई होत्या, चेहऱ्यावरून कंटाळलेल्या आणि हाताने फार हलक्या. त्यांनी तिला दोन्ही हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद वाऱ्यावरच्या पानासारखा थरथरू लागला. मग त्या तिच्या मागे उभ्या राहिल्या, गळ्यावर दोन्हीकडून बोटं ठेवली आणि म्हणाल्या, पाण्याचा घोट घ्या. तिने गिळलं तसं बोटांखाली काहीतरी वर सरकून खाली आलं, तिचंच, आणि तिला इतकी वर्षं माहीत नसलेलं.

‘उकडतं? भूक फार? झोप नाही? चिडचिड?’

‘चिडचिड नाही,’ ती म्हणाली.

नवऱ्याने छताकडे पाहिलं. ‘देवाला ठाऊक,’ तो म्हणाला.

रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा बाईंनी ते सरळ करून ठेवले. ‘थायरॉइड वाढलाय. गळ्यातली ही ग्रंथी अंगातल्या सगळ्या कामांची लय ठरवते. हृदय किती पळायचं, अन्न किती वेगात जाळायचं, सगळं. हिने रक्तात किती रस सोडायचा ते वरून, मेंदूतून सांगितलं जातं. तुमच्याकडे वरची मंडळी कधीची गप्प बसलीत. बास झालं म्हणून. तरी ही सोडतेच आहे, कारण अंगातलेच काही पहारेकरी चुकून हिच्या घंटेवर बोट ठेवून उभे राहिलेत.’

‘म्हणजे टाकी भरून वाहतेय आणि मोटर बंद होत नाही,’ नवरा म्हणाला. तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होता.

‘तसंच. मात्रा जास्त झालीय, एवढंच.’

मात्रा. ती खुर्चीत ताठ झाली. डॉक्टरांनी तो शब्द औषधाचा वापरावा तसा वापरला होता, पण तिला तो हॉलमधूनच ऐकू आला. पुढे निघाली होतीस थोडी, एखादी मात्रा असेल. म्हणजे घड्याळं शुद्धीवर होती. धाकटीचं मनगट जड नव्हतं. सगळं जग आपल्या चालीने चाललं होतं, आणि ती एकटीच त्याच्यापुढे धावत जाऊन, मागे वळून, मागे का राहता म्हणून ओरडत होती. एक गोळी हृदय आवरायला, तिचा गुण लवकर येईल. दुसरी ग्रंथीला, तिला काही आठवडे लागतील. ताप आला, घसा दुखला तर ही दुसरी थांबवून त्याच दिवशी येऊन रक्त तपासायचं, विसरायचं नाही. नवरा सगळं पाठ केल्यासारखं पुटपुटत होता. उठता उठता ती परत बसली.

‘डॉक्टर, आणि मनाचं? म्हणजे... एखाद्याचं बरं न बघवणं. तेही यातच येतं का?’

बाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. ‘चिडचिड येते. संशय वाढतो, रडू येतं. ही ग्रंथी आवाज मोठा करते. पण गाणं कुठलं लागलंय ते काही ती ठरवत नाही.’

गोळ्यांनी गुण आला. आधी कानातला तो ठोका गेला. एक दिवस जिना चढून वर आल्यावर तिला खोलीतली शांतता ऐकू आली आणि ती दारातच उभी राहिली. मग हात थांबले. दुकानात तिने एका जागी बसून अख्ख्या फ्रेमचे स्क्रू पिळले तेव्हा भिंग म्हणाले, ‘आज फरशी उपाशी राहिली.’ स्वयंपाकघरातली दोन्ही घड्याळं सुधारली. तिने एक काढून ठेवलं. नवरा भेटेल त्याला मोटर आणि टाकीची गोष्ट सांगायचा, आणि तिला म्हणायचा, ‘ती तू नव्हतीसच गं. ती ग्रंथी बोलत होती.’ हे किती सोयीचं होतं! ते वाक्य रजईसारखं होतं. अंगावर ओढून घेतलं की बस. देवाने ऐकलं म्हणावं. पाप म्हणून मागितलं आणि त्याने आजार म्हणून काढून दिलं.

पण धाकटीने खोली पाहून ठेवली होती. दोन गल्ल्या सोडून, वह्या-पेनांच्या दुकानावर. तिने ते जेवताना सांगितलं, मीठ द्या म्हणावं तसं. पुढल्या सोमवारी किल्ली घ्यायची होती. ती पूर्वीसारखीच ताई ताई म्हणत होती, गोळीची आठवण करत होती, फक्त आता खोलीत येताना दारावर टकटक करायची. आपल्याच बहिणीच्या घरात, उघड्या दारावर. ती टकटक रोज ऐकू यायची आणि त्यावर कुठलीही गोळी नव्हती. एकदा संध्याकाळी नवरा आणि धाकटी आत कशावर तरी हसली. ती बाहेर इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली आणि स्वतःच्या आत पाहिलं. घाम नाही. हात स्थिर. नाडी, तिने बोट ठेवून पाहिली, शहाण्या मुलासारखी चालत होती. आणि तरीही ते होतं. बारीक, गार, कसलाही आवाज न करणारं, फार जुनं. पाठीवर उशिरा येणाऱ्या डाव्या हाताएवढं. पूर आल्यावर सगळं वाहून जातं आणि ओसरल्यावर आपल्याच अंगणातला दगड तिथेच असतो, तसं ते होतं. तिला आश्चर्य वाटलं ते याचं की तिला भीती वाटली नाही. ती त्याला ओळखत होती.

शनिवारी दोघी हॉलमध्ये आधी पोचल्या. नवरा बाहेर मंडळींशी बोलत होता. धाकटी हातोडीने तबला लावत होती, ती पेटीवर सूर धरून होती. एका सुरावर दोघी बराच वेळ थांबल्या.

‘मी जे बोलले ना त्या दिवशी,’ ती म्हणाली.

‘जाऊ दे ताई. आजार होता तुझा.’

तिने सूर सोडला नाही. भाता हळूहळू हलत होता. रजई तिथेच होती, नुसती ओढायची होती.

‘सगळा आजार नव्हता,’ ती म्हणाली. ‘थोडं माझं होतं.’

धाकटीची हातोडी थांबली. ‘किती थोडं?’

‘एक मात्रा.’

धाकटीच्या ओठांचा एक कोपरा हलला, लहानपणी चोरून खाताना सापडली की हलायचा तसा. ‘तेवढं मला माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘तू रात्री जागी असायचीस. बाबा थोपटायचे तेव्हा. मीही जागीच असायचे. तुझ्याकडचा हात मागे पडला की कळायचं मला.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तू उजवीकडे यायला लागली असतीस ना!’

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. औषध सुरू झाल्यापासून डोळ्यांचं पाणी थांबलं होतं, म्हणजे हे वेगळं. ‘मला झाकू नकोस,’ ती म्हणाली. ‘पुढे गेले की सांग. तोंडावर सांग.’

‘हात करू? भावजींसारखा?’

‘कर.’

धाकटीने तबल्यावर एक टिचकी मारली, कान लावला, पुन्हा मारली. ‘त्या खोलीवाल्याला म्हणते, दोन आठवडे थांब,’ ती म्हणाली, जणू तबल्यालाच. ‘थांबला तर थांबला.’

निरूपण सुरू झालं. नवऱ्याने आज होडी लावली नाही. एका आंधळ्या माळ्याची नवी गोष्ट सांगितली, जरा लांबली, पण मंडळी प्रेमाने बसली. मग ते पद आलं. ती वाजवत होती आणि लय तिच्या बोटांखालून तशी जात होती जशी ती जायची, कुणाच्याही मालकीची नसल्यासारखी. ती ओळ जवळ आली. नवऱ्याचा हात गुडघ्यावर हलला, आणि थांबला. उचलावा का नाही हे त्याला ठरवता येईना. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने स्वतःच बोटं उचलली. भात्याची हवा हळूच सोडली, आवाज होऊ न देता. ‘थांब जरा जिवा, आत कोण चालतो ते ऐक.’ हॉलमध्ये एकटा तबला उरला, धाकटीचा उजवा हात, भरलेला, कुणालाही झाकत नसलेला. नवऱ्याचे डोळे उघडे होते. मागच्या रांगेतून ‘वा’ आला. तो धाकटीसाठी होता. तो तिला ऐकू आला, आणि खुपला, अगदी समेवर. आणि पुढच्या मात्रेला तिने भाता ओढला.